दुधाचा डबा आणायच्या आधी हे बघा. बाळंतिणीच्या दुधाच्या बहुतेक तक्रारी घरीच सुटतात

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. धाकट्या भावाचं लेकरू चार दिवसांचं, आदल्या दिवशीच दवाखान्यातून घरी आलेलं. काही केल्या रडायचं थांबेना. भावजय त्याला छातीशी धरायची, ते दोनदा तोंड लावायचं, सोडून द्यायचं आणि परत टाहो फोडायचं. भावजयीच्या डोळ्यांना पाणी. आई म्हणाली, "हिला दूधच न्हाई. लेकरू उपाशी राहातंय." शेजारच्या काकूंनीही मान डोलावली. झालं, भावानं मोटारसायकलची किल्ली उचलली. तालुक्याला एक मेडिकल रात्री उघडं असतं, तिथून पावडरीचा डबा आणायला.

मी त्याला दारातच थांबवलं. मला फार कळत होतं अशातला भाग नाही. पण बारा वर्षांपूर्वी माझ्याच घरात हेच झालं होतं. थोरल्या मुलीच्या वेळी "दूध पुरत नाही" असं सगळे म्हणाले आणि मीच बाटली विकत आणली. गाईच्या दुधात पाणी घालून आम्ही पाजत राहिलो. बाटली उकळायची असते हेसुद्धा माहीत नव्हतं. दोन आठवड्यांत पोरीला जुलाब लागले, पाच दिवस सलाइनवर काढले. डॉक्टरांनी विचारलं, "बाटली कुणी सांगितली?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून त्या रात्री आधी आशाताईंना फोन लावला. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. दिवसभरात लघवी किती वेळा झाली? लेकरू तरतरीत आहे का? आणि आईची छाती मऊ आहे की गच्च? लघवी पाच वेळा, पाण्यासारखी. लेकरू तरतरीत. छाती मात्र दगडासारखी गच्च. ताई म्हणाल्या, "दूध नाही असं नाही, दूध जास्त दाटलंय. छाती ताठ झाल्यामुळं लेकराला तोंडात धरता येईना. कोमट पाण्याचा कपडा ठेवा, हातानं थोडं दूध काढा, छाती मऊ झाली की मग लावा."

जिला दूधच नाही म्हणत होतो, तिचं अर्धी वाटी दूध हातानं निघालं. त्यानंतर लेकरू पंधरा मिनिटं प्यालं आणि झोपलं. डबा आणायची वेळच आली नाही.

हा विषय बायकांचा, त्यावर पुरुषानं कशाला लिहायचं, असं कुणी म्हणेल. पण रात्री किल्ली उचलून डबा आणायला जातो तो पुरुषच. म्हणून हे त्यानंही वाचावं. या लेखातली माहिती आशाताई, आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर आणि डॉक्टर मंडळी बाळंतिणींना सांगतात तीच आहे, फक्त आपल्या भाषेत मांडली आहे.

दूध येतं कसं?

ज्यांच्या दारात जनावर आहे त्यांना हे चटकन कळेल. तुलना केली म्हणून आयाबहिणींनी राग मानू नये.

लेकरू ओढायला लागलं की आईच्या मेंदूला निरोप जातो आणि तिच्या शरीरात दोन संप्रेरकं सुटतात. एकामुळं दूध तयार होतं. दुसऱ्यामुळं तयार झालेलं दूध बाहेर येतं, त्यालाच आपण पान्हा फुटला म्हणतो. जितकं दूध बाहेर जाईल तितकं नवीन तयार होतं. धारा वेळेवर काढल्या नाहीत तर गाय आटते, हा तोच हिशोब. म्हणजे लेकराला वरचं दूध पाजलं की ते आईला कमी ओढतं, आणि आईचं दूध खरोखरच कमी व्हायला लागतं. डबा आणल्यावर "बघा, आधीच दूध कमी होतं" असं आपण म्हणतो. पुष्कळ वेळा ते डब्यामुळं कमी झालेलं असतं.

दुसरी गोष्ट. अनोळखी माणूस धारेला बसला की गाय पान्हा चोरते. बाईचंही मन घाबरलेलं, दुखावलेलं असलं, अंग ठणकत असलं की पान्हा लवकर फुटत नाही. चार जणी भोवती बसून "हिला दूध न्हाई" म्हणत राहिल्या तर त्या माउलीला पान्हा कसा फुटणार? तिला निवांत जागा, पोटभर जेवण, तांब्याभर पाणी आणि धीराचे दोन शब्द द्या. हे पहिलं औषध.

सगळ्याचं मूळ: लेकरानं धरलंय कसं?

दूध कमी पडणं, टोकाला चिरा पडणं, गाठ होणं, लेकरू सारखं रडणं, या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं. लेकरानं नुसतं टोक तोंडात धरलेलं असतं. दूध टोकातून चोखून निघत नाही. टोकाभोवतीचा काळा भाग जिभेनं आणि जबड्यानं दाबला गेला तरच ते सुटतं. त्यामुळं काळ्या भागाचाही बराचसा हिस्सा तोंडात जायला पाहिजे.

बसवायचं असं:

• आईनं भिंतीला पाठ टेकून निवांत बसावं. वाकून छाती लेकराकडं नेऊ नये, लेकराला छातीकडं आणावं. मांडीवर उशी किंवा घडी केलेली गोधडी घ्यावी.
• लेकराचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं पाहिजे. डोकं, मान, पाठ एका रेषेत. मान वळवून आपल्यालाही पाणी पिता येत नाही.
• टोक लेकराच्या वरच्या ओठाला हळूच लावावं. जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं की लगेच जवळ घ्यावं.
• हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगलेले, आणि काळा भाग खालच्या बाजूपेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतोय, तर पकड बरोबर आहे.
• चुटूचुटू आवाज येतोय, गालाला खळ्या पडतात, आईला दुखतंय, तर पकड चुकली. ओढून काढू नका. करंगळी लेकराच्या तोंडाच्या कोपऱ्यात घाला, पकड सुटेल. मग परत लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताई घरी आल्या आणि दहा मिनिटांत भावजयीला एवढंच करून दाखवलं. चित्र बघून जमत नाही, ते कुणी शेजारी बसून दाखवलं की जमतं.

दूध खरंच कमी आहे का? लघवी मोजा

लेकरू रडतं म्हणजे भुकेलंच असतं असं नाही. ओलं झालं, गरम झालं, पोटात वायू झाला, नुसतं उचलून घ्यायला पाहिजे असलं तरी रडतं. संध्याकाळच्या वेळी बरीच लेकरं दर अर्ध्या तासाला पितात, तेही दूध कमी असल्याचं लक्षण नाही. आठ-दहा दिवसांनी छाती पहिल्यासारखी जड लागत नाही, तेव्हाही दूध आटलं असं वाटतं. ते लेकराच्या गरजेला जुळलेलं असतं.

मग ओळखायचं कसं? खात्रीच्या खुणा दोनच.

पहिली, लघवी. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा, पाण्यासारखी लघवी होत असेल आणि लेकराला वरचं पाणी देत नसाल, तर दूध पुरतंय. पहिल्या तीन-चार दिवसांत लघवी कमी वेळा होते, ती रोज वाढत गेली पाहिजे.

दुसरी, वजन. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत लेकराचं वजन थोडं उतरतं, त्यानं घाबरू नये. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. पुढं पहिले काही महिने दर महिन्याला किमान अर्धा किलो वाढलं पाहिजे. अंगणवाडीत वजनकाटा असतो, तिथं नेऊन नोंद करून घ्या.

या दोन्ही खुणा कमी दिसल्या तर उपाय असे: चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजा. रात्रीचं पाजणं चुकवू नका, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त सुटतं. झोपाळू लेकराला तळपाय चोळून, अंगावरचं पांघरूण काढून जागं करा. उघड्या छातीवर उघडं लेकरू ठेवून वरून पांघरूण घ्या, त्यानंही पान्हा फुटतो. एक बाजू पूर्ण पिऊन होऊ द्या, मग दुसरी लावा. सुरुवातीचं दूध पातळ असतं, शेवटचं सायीसारखं घट्ट, आणि अंगाला तेच लागतं.

अळीव, डिंकाचे लाडू, मेथी, बाजरी, शेपू हे सगळं अवश्य द्या. बाळंतिणीला ताकद लागतेच, नेहमीपेक्षा दोन वेळा जास्तीचं खाणं पाहिजे. पण लाडू खाऊन लेकराला लावलंच नाही तर दूध वाढणार नाही. आणि बाळंतिणीचं पाणी तोडायची जुनी रीत सोडा. तहान लागेल तेवढं तिला पिऊ द्या.

काही थोड्या बायांना खरोखरच दूध कमी येतं. बाळंतपणात फार रक्त गेलेलं असतं, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, थायरॉइडचा त्रास असतो. एवढं करूनही वजन वाढत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यात त्या बाईचा काही दोष नाही.

छाती गच्च झाली, ठणका लागला

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध भरतं तेव्हा हा त्रास पुष्कळ जणींना होतो. पाजायच्या आधी कोमट कपडा, हातानं थोडं दूध काढून काळा भाग मऊ करणं, मग लेकरू लावणं. पाजून झाल्यावर गार पाण्याचा कपडा ठेवला की सूज उतरते. दर दोन-तीन तासांनी पाजत राहिलं की एक-दोन दिवसांत आराम पडतो. दुखतंय म्हणून पाजणं बंद केलं तर त्रास वाढतो.

टोकाला चिरा पडल्या, रक्त आलं

आधी पकड सुधारा, नाहीतर मलम लावून काही उपयोग नाही. कमी दुखणाऱ्या बाजूनं पाजायला सुरुवात करा. पाजून झाल्यावर शेवटच्या दुधाचे दोन थेंब टोकाला लावून वाऱ्यावर वाळू द्या. दर वेळी साबण लावू नका, कातडी कोरडी होऊन आणखी फाटते. दुधाबरोबर थोडं रक्त लेकराच्या पोटात गेलं तरी अपाय होत नाही.

टोकाला आग होतेय आणि लेकराच्या तोंडात पुसून न निघणारे पांढरे चट्टे दिसतात, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यात आई आणि लेकरू दोघांनाही एकाच वेळी औषध लागतं.

गाठ, लाली आणि ताप

म्हशीची धार नीट काढली नाही तर कासेला दगडी होते, हे आपल्याला माहीत आहे. बाईच्या छातीतही दूध एका जागी तुंबलं की गाठ होते. तिथं लाली आली, थंडी वाजून ताप आला, अंग मोडून आलं, तर तो स्तनदाह.

इथं घरोघरी दोन चुका होतात. एक, "ताप आलाय, दूध नासलं" म्हणून पाजणं बंद करतात. स्तनदाहात दूध नासत नाही, त्या बाजूनंही पाजायचं असतं. दूध तिथंच राहिलं तर पू व्हायची भीती असते. दुसरी चूक, गाठ फोडायची म्हणून कुणीतरी जोरानं चोळतं. त्यानं आतली सूज वाढते. हलका हात पुरे. विश्रांती घ्या, गार कपडा ठेवा, घट्ट कपडे टाळा, आणि एका दिवसात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडं जा. गोळ्या दिल्या तर कोर्स पूर्ण करा आणि आपण अंगावर पाजतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

साधा सर्दी-ताप, खोकला, हगवण झाली तरी आईनं पाजणं बंद करायचं कारण नाही. एखादं औषध कायमचं चालू असेल तर मात्र आधी विचारा.

टोक आत गेलंय, सिझर झालंय

टोक चपटं किंवा आत ओढलेलं असलं तरी पुष्कळ लेकरं पिऊ शकतात, कारण धरायचा असतो तो काळा भाग. अडचण आलीच तर सिस्टर दहा किंवा वीस मिलीच्या सिरिंजचा सुईकडचा भाग कापून, दट्ट्या उलट बाजूनं घालून टोक बाहेर ओढायचं साधन करून देतात. आईनं ते स्वतःच्या हातानं, दुखणार नाही इतपतच ओढायचं. सिरिंज घरी आपल्या मनानं कापू नका, सिस्टरकडून बघून घ्या.

सिझर झालेल्या बाईलाही दूध येतंच. टाक्यांवर भार नको म्हणून कुशीवर झोपून पाजावं, किंवा लेकराचे पाय काखेखालून मागं घेऊन धरावं. घरच्यांनी लेकरू उचलून द्यायचं काम करावं.

चीक, घुटी आणि पाणी

गाय व्याली की वासराला चीक पाजायची आपण घाई करतो. आणि बाईचा पहिला पिवळा चीक अजूनही काही घरांत पिळून टाकतात. तो लेकराची पहिली लस आहे. प्रमाण थोडं असतं, पण पहिल्या दिवशी लेकराचं पोटही चमचाभर दूध मावेल एवढंच असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात शंभरातल्या साधारण ४२ लेकरांनाच जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध मिळालं. सहा महिन्यांच्या आतल्या शंभरातली साधारण ६४ लेकरंच फक्त आईच्या दुधावर होती. बाकीच्यांच्या तोंडात पाणी, मध, घुटी, वरचं दूध असं काहीतरी गेलं.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. उन्हाळ्यातही वर पाणी नको, आईच्या दुधात बहुतेक भाग पाणीच असतं. मध वर्षाच्या आत देऊच नये. घुटी उगाळायची सहाण आणि त्यातलं पाणी किती स्वच्छ असतं, ते आपण सगळे जाणतो. डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब आणि औषधं मात्र चालू ठेवा. सहा महिन्यांनंतर घरचं मऊ खाणं सुरू करा आणि आईचं दूध दोन वर्षं किंवा पुढंही चालू ठेवा.

कामावर जाणाऱ्या आईचं काय?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. कापूस वेचणी, खुरपणी, ऊसतोड यांना रजा नसते. टोळीतल्या बाया महिन्याचं लेकरू कोपीत ठेवून फडात जातात. अशा वेळी दूध हातानं काढून ठेवता येतं.

हात साबणानं धुवा. उकळून घेतलेली, रुंद तोंडाची वाटी घ्या. अंगठा काळ्या भागाच्या वर, बोटं खाली ठेवा. आधी छातीकडं दाबा, मग बोटं एकमेकांकडं आणा, सोडा. पहिली दोन-चार मिनिटं थेंब येणार नाहीत, धीर धरा. बोटं कातडीवर घासू नका, जागा बदलत राहा. दूध झाकून सावलीत, गार जागी ठेवलं की चार तासांच्या आत पाजावं. कडक उन्हात त्याआधीच संपवावं. फ्रिज असेल तर चोवीस तास चालतं. हे दूध उकळायचं नाही, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायची. आणि पाजायचं वाटी-चमच्यानं किंवा आपल्या जुन्या बोंडल्यानं. बाटली नको. ती धुवायला अवघड, आणि तिची सवय लागली की लेकरू आईला धरेनासं होतं.

मुकादमांना आणि शेतमालकांना एक विनंती. लेकुरवाळ्या बाईला कामात मधे दोनदा पाजायला सोडा. नोकरीतल्या बायांना कायद्यानं लेकरू पंधरा महिन्यांचं होईपर्यंत अशी दोनदा सुट्टी मिळते. आपल्या फडातली बाई काय वेगळी आहे? एसटी स्थानकात हिरकणी कक्ष आहेत, कुलूप दिसलं तर चौकशी खिडकीवर किल्ली मागा.

डबा कधी आणायचा?

डॉक्टरांनी तपासून सांगितलं तर जरूर आणा, त्यात लाज नाही. पण मापात पावडर, उकळलेलं पाणी, आणि वाटी-चमचा. पैसे वाचवायला डब्यात दिलेल्या मापापेक्षा जास्त पाणी घालणं म्हणजे लेकराला उपाशी ठेवणं. बाळाची दुधाची पावडर आणि बाटली यांची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. दुकानदारानं भर दिला म्हणून घेऊ नका.

हे दिसलं तर थांबू नका, दवाखाना गाठा

• लेकरू ओढेनासं झालं, निपचित पडलं, उठवूनही उठेना
• अंग तापलं किंवा गार पडलं
• श्वास जोरात चाललाय, छाती आत ओढली जाते
• झटके आले
• तळहात-तळपाय पिवळे दिसतात (कोवळ्या उन्हात धरून वाट बघू नका)
• दिवसभर लघवी नाही, किंवा गडद पिवळी आणि अगदी थोडी
• आईला जोराचा ताप, छातीत पू झाल्यासारखी गाठ, फार रक्तस्राव
• आई सतत रडते, लेकराकडं बघत नाही, जगणं नको म्हणते. हा नखरा नाही, आजार आहे, त्यावर उपचार आहेत

बाळंतीण आणि लेकरासाठी १०२, तातडीच्या वेळी १०८ रुग्णवाहिका. आरोग्याचा सल्ला १०४ वर मिळतो. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायच्या असतात. आल्या की चहा पाजून बोळवण करू नका. त्यांच्यासमोर लेकरू पाजून दाखवा आणि पकड बघायला सांगा.

भावाचं लेकरू आता चार महिन्यांचं आहे. परवा अंगणवाडीत वजन केलं, पाच किलो नऊशे भरलं. आईनंच काटा दोनदा बघितला. नंतर शेजारच्या काकूंना म्हणाली, "आमच्या सुनेला दूध कमी न्हवतं बाई, आम्हालाच दम न्हवता."